सेकंडहँड फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, २०१७ ची: पुण्याला बघायला जातोय, काय काय तपासू?

केळीवाला_चोपडा

राम राम मंडळी. चोपडा तालुक्यातला आहे. केळी आणि थोडा कापूस. घरी बोलेरो आहे, पण ती शेताची आणि आबांची. मला स्वतःसाठी एक गाडी हवी आहे आणि खोटं कशाला बोलू, गरज म्हणून नाही, हौस म्हणून. नाशिकला कॉलेजात असताना मित्राच्या भावाच्या जीटी टीएसआयमध्ये बसलो होतो. तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

आता पुण्यात एक सापडली आहे. २०१७, एमएच-१४ पासिंग, लाल रंग, फर्स्ट ओनर, ६२ हजार किलोमीटर. मालक आयटीवाला, परदेशी चाललो म्हणतो. ५ लाख ४० हजार सांगतोय. फोटोत गाडी चकाचक. सगळी सर्व्हिस शोरूमला केली म्हणतो, पण बिलं मागितली की "शोधून ठेवतो".

दुसरी जळगावातच आहे: मारुतीची बलेनो आरएस, २०१८, ४ लाख ७५. ती जवळ आहे आणि मॅन्युअल आहे, पण मन पोलोवर.

पोलोच्या डीएसजी, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दल जे वाचलं त्याने झोप उडाली. त्यात आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, आणि रोजचा रस्ता म्हणजे बऱ्हाणपूर-अंकलेश्वर. ज्यांनी तो बघितलाय त्यांना जास्त सांगायला नको. गावातला मिस्त्री बोलेरो डोळे झाकून खोलतो, पण पोलोचा फोटो दाखवला तर म्हणाला, "ते वरचं प्लास्टिक काढल्यावर खाली इंजिन असतं ना नक्की?" आबा म्हणतात, जुनंच घ्यायचं तर ट्रॅक्टर घे.

पुण्याला जाऊन नेमकं काय बघू?

भुसावळ_जंक्शन

डीएसजी म्हणजे डोक्याला ताप. मॅन्युअल घे, सुखी राहा. विषय संपला.

लळिंगखालचा_स्कॅनर

भुसावळवाल्या भाऊंनी एका ओळीत निकाल देऊन टाकला. मी जरा लांब लिहितो, कारण या गाड्यांवरच माझी भाजी-भाकरी चालते. धुळ्यात हायवेला माझं इलेक्ट्रिकल आणि स्कॅनिंगचं दुकान आहे. आग्रा रोड आणि सुरत-नागपूर हायवे इथेच एकमेकांना छेदतात, त्यामुळे कुठल्या कुठल्या गावच्या रुसलेल्या गाड्या टोचन लावून माझ्या दारात येतात.

अशी गाडी बघायला गेलेला प्रत्येक माणूस एकच काम करतो. मोकळा रस्ता बघतो आणि पाय दाबतो. पाठ सीटला चिकटली की खिशातून टोकन काढतो. भाऊ, त्या १.२ लिटर टर्बोला १०५ पीएस आहेत आणि १७५ न्यूटन मीटरचा टॉर्क १५०० आरपीएमपासूनच मिळतो. अर्धमेली जीटीसुद्धा सरळ रस्त्यावर मजा देते. तिचं दुखणं दिसतं ते ताशी दहा किलोमीटरला. तू शंभरचा काटा गाठूच नको. संध्याकाळी सहाला पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये घाल आणि अर्धा-पाऊण तास रांगत चालव.

कारण सांगतो. या गिअरबॉक्सचं कंपनीतलं नाव डीक्यू२००. सात गिअर, दोन क्लच आणि दोन्ही कोरडे, म्हणजे तेलात बुडालेले नाहीत. एक क्लच १-३-५-७ सांभाळतो, दुसरा २-४-६ आणि रिव्हर्स. ते कधी जोडायचे, कधी सोडायचे हे मेकॅट्रॉनिक नावाचं युनिट ठरवतं. हायड्रॉलिक पंप, व्हॉल्व्ह आणि कॉम्प्युटर असं सगळं त्यात एकत्र. रांगत्या ट्रॅफिकमध्ये क्लच अर्धवट लागलेला घासत राहतो, आणि कोरडा असल्याने त्याची उष्णता लवकर निघत नाही. म्हणून हिंजवडीला रोज जाऊन झालेले ६२ हजार आणि धुळे-शिरपूर करून झालेले ६२ हजार हे एकच नव्हेत. मालकाला गप्पांच्या ओघात विचार: घर कुठे, ऑफिस कुठे, जायला किती वेळ लागतो. मीटरपेक्षा हे उत्तर जास्त खरं असतं.

आता बघायचं कसं ते. आदल्या दिवशी फोन करून सांग की गाडी रात्रभर उभी पाहिजे, मी आल्यावरच सेल मारायचा. पोचलास की आधी बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर मालकाने गाडी आधीच चालू केली होती हे कळलं. का केली ते विचार. थंड इंजिन सुरू होताना धूर, खडखड, मिसफायर जे काय असेल ते तेव्हाच दिसतं.

मग तापव. एसी फुल. सपाट जागेवर डी मध्ये टाक, ब्रेक सोड, ॲक्सिलरेटरला पाय नको. गाडी आपली आपण हळूच पुढे सरकली पाहिजे, अंगाला थरथर न येता. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना आणि थांबता थांबता दुसऱ्यातून पहिल्यात उतरताना लक्ष दे. तिथेच थरथर येते, तिथेच टक्क असा धक्का येतो. गाडी थंड असताना हे जाणवत नाही, तापल्यावर जाणवतं. खराब रस्त्यावर कमी स्पीडला गिअरबॉक्समधून थोडी खुळखुळ येते, तिला घाबरू नको, ती बऱ्याच चांगल्या गाड्यांतही असते.

मग एखाद्या उतारावर तोंड खाली करून उभी कर आणि रिव्हर्समध्ये मागे चढव. एकदा नाही, गाडी चांगली तापल्यावर परत परत. रिव्हर्स लागायला विचार करते, किंवा मीटरमध्ये गिअरची अक्षरं लुकलुकायला लागतात, तर मालकाला नमस्कार करायचा आणि घरची बस पकडायची. मॅन्युअल मोडला टाकून सातही गिअर एकेक करून लागतात का तेही बघ. विषम गिअर गायब किंवा सम आणि रिव्हर्स गायब असं झालं की कुठल्या बाजूला दुखणं आहे ते तिथेच कळतं.

मेकॅट्रॉनिकचं एक नेहमीचं दुखणं असं: आतला प्रेशर साठवणारा डबा ज्या आट्यांत बसतो तिथे ॲल्युमिनियमला चीर जाते. तेल झिरपतं, प्रेशर टिकत नाही, पंप पुन्हा पुन्हा चालतो. मग स्कॅनरवर पी१७बीएफ हा कोड येतो. तो दिसला की गाडी घेऊच नको, अगदी चार लाखाला देतो म्हणाला तरी. नवीन युनिटचं बिल लाखाच्या वर जातं, आणि शिवाय तुला ती चोपड्याहून संभाजीनगर किंवा नाशिकला टोचन लावून न्यावी लागेल ते वेगळंच.

स्कॅनरबद्दल एक. ते ऑनलाइन सात-आठशेला मिळणारं ब्लूटूथचं बोंडुक घेऊन जाऊ नको. ते बहुतेक करून फक्त इंजिनचे कोड वाचतं, गिअरबॉक्सशी बोलतच नाही. फोक्सवॅगन-स्कोडा गटाचा पूर्ण स्कॅन करणारं व्हीसीडीएस किंवा तसलं काही असलेला माणूस पुण्यात सहज मिळेल. स्कॅन दोनदा करायचा: चालवायच्या आधी आणि चालवून आल्यावर. आधीचा कोरा असेल तर कोणीतरी सकाळीच कोड पुसलेत असंही असू शकतं. चालवल्यावर जे परत येतं ते खरं दुखणं.

आणि त्या स्कॅनमध्ये एक छुपी गोष्ट असते. कोड पडला तेव्हा गाडीचं मीटर किती होतं हेही बऱ्याच युनिटमध्ये नोंदलेलं असतं. मागे एक गाडी आली होती, मीटरवर ४८ हजार आणि एबीएसच्या, म्हणजे ब्रेकच्या कॉम्प्युटरच्या कोडखाली ८३ हजार. पुढचं मीटर फिरवणाऱ्याने फिरवलं, पण एबीएसच्या पोटात काय लिहिलंय हे त्याच्या गावी नव्हतं. घेणारा माणूस माझ्यासमोर बाकड्यावर बसला होता, पैसे आधीच देऊन आलेला.

धुळ्याला आलास तर चहा पाजतो. स्कॅनचे पैसे मात्र घेईन.

केळीवाला_चोपडा

भाऊ, एवढं कोणी सांगत नाही. धन्यवाद. इंजिनचं काय? आणि इकडच्या उन्हात टर्बो टिकतो का? आबांचं म्हणणं, "टर्बो म्हंजे आधीच तापेल डोकं, त्यात आपलं ऊन."

लळिंगखालचा_स्कॅनर

आबांना सांग, बोलेरोलाही टर्बो आहेच.

इंजिन मजबूत आहे, पण त्याला पाणी शुद्ध लागतं. या इंजिनात टर्बोची गरम हवा थंड करणारा इंटरकूलर समोर जाळीत नसतो, इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला असतो आणि तो कूलंटवर चालतो. म्हणजे कूलंट गेलं की इंजिन तर तापतंच, पिकअपही जातो. गाडी थंड असताना टाकीचं झाकण उघडून रंग बघ. या गटाच्या गाडीत गुलाबी किंवा जांभळट असतं. हिरवं दिसलं, गढूळ दिसलं किंवा नुसतं पाणी दिसलं तर कोणीतरी कुठेतरी बाटली ओतली आहे. आपल्याकडचं बोअरचं पाणी कसं असतं तुला माहीत आहे, गिझरची कॉइल दोन वर्षांत पांढरी होते. तेच पाणी या बारीक नळ्यांत गेलं तर काय होईल विचार कर. कूलंट रंगाने बरोबर पण पातळीने कमी असेल तर गळती शोध. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटच्या हाऊसिंगपाशी वाळलेले गुलाबी डाग दिसतात.

इंजिन चालू असताना आणि ॲक्सिलरेटर सोडताना टर्बोच्या बाजूने पत्र्यासारखी किणकिण येते का ते कान देऊन ऐक. ती बहुतेक वेस्टगेटची, म्हणजे टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेची असते. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. डॅशवर ईपीसी लिहिलेला पिवळा दिवा (इंजिनमधल्या बिघाडाचा) सेल मारताना लागून विझला पाहिजे. सुरुवातीलाच लागत नसेल तर बल्बच काढलाय की काय ते बघ, हसू नको, बघितलेलं आहे. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं म्हणून इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साठते, ती वयाप्रमाणे असणारच. आयडलला गाडी अस्वस्थ वाटली तर तेही एक कारण असू शकतं, इग्निशन कॉइल हे दुसरं, स्वस्तातलं.

एसी दुपारी बारा-एकला उभ्या गाडीत तपास. चालत्या गाडीत सगळ्यांचाच एसी चांगला असतो. पंधरा-वीस मिनिटं उभ्या गाडीत थंडावा टिकला, रेडिएटरचा फॅन वेळेवर लागला आणि इंजिनचं तापमान चढलं नाही, तर भुसावळच्या मे महिन्यातही ती गाडी चालेल.

बाकी छोट्या गोष्टी पटकन: चारही दारं उघडून मीटरमध्ये दार उघडल्याची खूण येते का बघ, कुलपातला मायक्रोस्विच जातो. काचा पूर्ण खाली-वर कर. पायाखालची चटई उचलून गालिच्याला हात लाव. ओला किंवा कुबट वास असेल तर दाराच्या आतल्या सीलमधून पाणी येतंय किंवा गाडी पाण्यात उभी राहिली होती. ते नक्की करायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ, आतल्या टोकाला मातीची रेघ राहिलेली असते. पुढचे लोअर आर्म, बुश, स्ट्रट माउंटिंग हे तुझ्या अंकलेश्वर रोडवर आज ना उद्या खर्च मागणारच, तो गाडीचा दोष नाही, रस्त्याचा आहे.

आरएस_जळगाव

मी बलेनो आरएस चालवते. जळगावात दागिन्यांच्या व्यवसायात आहे, रोज शहरात आणि महिन्यातून कधीतरी माहेरी नंदुरबारला. कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगते.

१.० लिटरचं बूस्टरजेट टर्बो इंजिन, १०२ पीएस, १५० न्यूटन मीटर, पाच गिअरची मॅन्युअल आणि चारही चाकांना डिस्क. आकडे पोलोच्या खाली वाटतात, पण गाडी हलकी आहे, साधारण साडेनऊशे किलो. पारोळ्याच्या पुढे ट्रक ओव्हरटेक करताना तिसऱ्या गिअरला जी ओढ मिळते ती मला पुरते. सर्व्हिस गावोगावी होते. क्लच गेला तर क्लचच बदलतात, शेत विकावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र नक्की तपास. एप्रिल २०२३ मध्ये मारुतीने ७,२१३ बलेनो आरएस रिकॉल केल्या, म्हणजे दुरुस्तीला परत बोलावल्या होत्या, २७ ऑक्टोबर २०१६ ते १ नोव्हेंबर २०१९ या काळात बनलेल्या. ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्यूम पंपात दोष होता, त्यामुळे पेडल जास्त जोरात दाबावं लागू शकतं. २०१८ ची गाडी त्याच काळातली. चॅसी नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर किंवा कुठल्याही सर्व्हिस सेंटरला विचार, काम झालंय की नाही ते कळतं. झालं नसेल तर फुकट होतं, पण आधी करून घे आणि मग गाडी घरी ने.

हौसेचं म्हणशील तर मान्य आहे, पोलोचं दार बंद होताना जो आवाज येतो तो माझ्या गाडीचा येत नाही.

भुसावळ_जंक्शन

ताई बरोबर बोलल्या. आणि मॅन्युअलच पाहिजे आणि पोलोच पाहिजे तर २०२० नंतरची १.० टीएसआय शोध. तीन सिलिंडर, ११० पीएस, सहा गिअर मॅन्युअल. ऑटोमॅटिकसुद्धा तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर आहे, डीएसजी नाही. पोलो २०२२ ला बंद झाली म्हणून लोक भाव धरून बसलेत, हे खरं.

केळीवाला_चोपडा

तिची किंमत सात-आठच्या खाली कोणी बोलत नाही. आमचं बजेट केळीच्या भावावर आहे, आणि भाव तुम्हाला माहीतच आहे.

एक नवीन गोष्ट कळली. मालकाला फोनवर सरळ विचारलं, गाडीत काही बदल केलेत का? आधी नाही म्हणाला, मग म्हणाला, "स्टेज वन केलंय, पण तुम्हाला नको असेल तर काढून देतो." हे चांगलं की वाईट?

लळिंगखालचा_स्कॅनर

स्टेज वन म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलून ताकद वाढवणं. काढून देतो म्हणजे फाइल जुनी टाकून देतो. घासलेला क्लच काही जुना होऊन परत येत नाही.

डीक्यू२०० ची टॉर्क सहन करायची मर्यादा २५० न्यूटन मीटर आहे. कंपनीने १७५ दिले ते उगाच नाहीत, मधलं अंतर सोडलेलं आहे. स्टेज वन केलं की गाडी २०० च्या पुढे जाते. लगेच मोडत नाही, बरेच जण वर्षानुवर्षं चालवतात. पण अशी गाडी घेणारा रोज कशी चालवतो हे तू आणि मी दोघेही जाणतो. शिवाय ट्यूनिंग विमा कंपनीला कळवलेलं नसतं, मोठा क्लेम आला की तिथे वाद निघतो.

माझं मत, यावरून गाडी बाद करू नको, पण आता रांगत चालवण्याची परीक्षा दुप्पट कडक घे. आणि पहिल्यांदा नाही म्हणाला ते लक्षात ठेव. किंमत बोलताना उपयोगी पडेल.

अमळनेरचा_बाबू

मी दिवसभर कागद बघणारा माणूस, गाडीतलं कळत नाही. कागदाचं सांगतो.

एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून आरसीची स्थिती, विम्याची तारीख आणि गाडीवर बँकेचं कर्ज चढवलेलं आहे का ते बघा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचं कर्ज उतरवायचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, दोन्हीवर विकणाऱ्याची सही आरसीवरच्या सहीशी जुळली पाहिजे. मालक परदेशी जाणार असेल तर हे सगळं तो इथे असतानाच उरका. नंतर एका सहीसाठी सहा महिने व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंग पाठवत बसावं लागतं.

ई-चलन महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर बघा. पुण्याच्या गाडीवर चलन निघालं नाही तर मलाच नवल वाटेल.

२०१७ ची गाडी म्हणजे १ एप्रिल २०१९ च्या आधीची, तिला एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट नंतर बसवावी लागते. बसवली आहे का बघा. विमा तुमच्या नावावर करायला ट्रान्सफरपासून १४ दिवस असतात, आणि नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही. तेवढा फरक भरावा लागतो, तो किमतीत धरा. मागचे क्लेम किती झाले तेही विमा कंपनीकडून काढता येतं, मालकालाच काढायला लावा.

केळीवाला_चोपडा

मंडळी, जाऊन आलो. लिहायला उशीर झाला कारण मध्ये वादळाने दोन एकर केळी आडवी केली, ते आवरत होतो.

गाडी रात्रभर उभी होती, बॉनेट थंड. बिलं सापडली, बरीचशी. त्यात एक मोठी गोष्ट: २०२१ मध्ये मेकॅट्रॉनिक नवीन बसवलं आहे, शोरूमचं बिल, चॅसी नंबरासकट. कूलंट गुलाबी. गालिचा कोरडा. उजवा पुढचा फेंडर रंगवलेला आहे, पुण्यातल्या स्कॅनवाल्याने रंगाची जाडी मोजणारा मायक्रॉन मीटर लावला तर बाकी गाडीला १००-१२० आणि तिथे २६०. मालक म्हणाला सोसायटीच्या खांबाला घासली. फेंडरच्या आतला पत्रा (एप्रन) आणि वेल्डचे ठिपके जसेच्या तसे होते, म्हणून पटलं.

पहिल्या स्कॅनला जुने दोन कोड: एक मागच्या दाराच्या स्विचचा, एक कमी व्होल्टेजचा. त्यांच्याखाली नोंदलेलं मीटर ५८ हजार ९००. म्हणजे ६२ हजार खरे वाटतात. चालवून आल्यावर नवीन कोड नाही. पी१७बीएफ नाही.

पण. वाकडच्या बाजूला संध्याकाळी रांगत नेली. अर्ध्या तासाने पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थरथर सुरू झाली. सीटमध्ये जाणवते, स्टिअरिंगला नाही. मालक शेजारी बसून म्हणतो, "सगळ्या डीएसजी अशाच असतात." रिव्हर्स मात्र प्रत्येक वेळी लगेच लागला.

एकदाच बाणेरच्या बाजूला रस्ता मोकळा मिळाला तेव्हा पाय दाबला. तेवढं माफ करा. काय गाडी आहे भो!

आता काय करू?

लळिंगखालचा_स्कॅनर

चांगलं काम केलंस. माझ्याकडे शिकायला येणारी पोरं एवढं बघत नाहीत.

मेकॅट्रॉनिक बदलल्याचं बिल ही तुझी सगळ्यात मोठी कमाई, ते दुखणं बऱ्यापैकी टळलं. थरथर क्लच पॅकची आहे. सगळ्या डीएसजी अशाच असतात हे खोटं आहे. चांगली डीक्यू२०० तापल्यावरही थरथरत नाही. कधी कधी स्कॅनरवरून बेसिक सेटिंग, म्हणजे गिअरबॉक्सला क्लच नव्याने ओळखायला लावायचं काम केलं की थोडी कमी होते. ते पुण्यातच करून बघ, खर्च फार नाही. तेवढ्याने गेली तर उत्तम. नाही गेली तर क्लच घासला आहे, आणि स्टेज वन ऐकल्यावर मला तेच वाटतं.

मग सरळ हिशोब. पुण्यात डीएसजीचं काम करणाऱ्या बाहेरच्या गॅरेजकडून क्लच पॅक आणि मजुरीचं कोटेशन लेखी घे. शोरूमचं घेऊ नको, ते बघून मालक पळून जाईल. तेवढी पूर्ण रक्कम आणि विम्याचा फरक किमतीतून कमी. किंवा मालकाने क्लच बदलून द्यायचा, बिल गाडीच्या नंबरावर, आणि मग तू तीच संध्याकाळची फेरी पुन्हा मारायची. अर्धे तुम्ही अर्धे आम्ही असं म्हणेल. अर्ध्यावर मान हलवू नको, कारण थरथर पूर्ण तुझ्या घरी येणार आहे.

आणि कन्नड घाटात गाड्यांची रांग लागली तर ब्रेक अर्धा सोडून सरकत राहू नको. थांब, जागा होऊ दे, मग एकदाच पुढे घे. घेतलीस तर हे आतापासून लक्षात ठेव.

केळीवाला_चोपडा

बेसिक सेटिंग करून बघितली, थरथर थोडी कमी झाली, गेली नाही. कोटेशन दाखवलं. मालक ४० हजार कमी करण्यावर अडलाय, पुढे सरकत नाही. म्हणतो बंगळुरूचं गिऱ्हाईक न बघता घ्यायला तयार आहे. म्हटलं, द्या मग त्यांना. छातीत दुखलं पण म्हटलं.

रविवारी जळगावला आरएस बघायला जातोय. ताई, चॅसी नंबर मागवला आहे. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो रिकॉलचं काम झालेलं दिसतंय. तरी प्रत्यक्ष ब्रेक कसा तपासू?

आरएस_जळगाव

इंजिन बंद असताना ब्रेक पाच-सहा वेळा दाब, पेडल दगडासारखं कडक होईल. तसंच पाय दाबून धरून इंजिन सुरू कर. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर व्हॅक्यूम येत नाही, गाडी तिथेच ठेव. मग थोडी चालवून, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांब आणि परत दाब: पहिल्या एक-दोन वेळेला तरी मऊ लागलं पाहिजे.

सकाळी दहाच्या आत ये. नंतर गावात पार्किंग मिळत नाही.